जहाज कधी पूर्ण होणार?

मी बडोद्याची. गेली सहा वर्षं मी जेवणाच्या टेबलावर लाकडाचं एक जहाज बांधते आहे. प्रतिकृती आहे, १:६४ या प्रमाणातली. म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६४ मिलिमीटर माझ्याकडे १ मिलिमीटर होतात. साडेपाच फूट उंचीचा खलाशी माझ्या डेकवर उभा केला, तर तो २६ मिलिमीटरचा भरेल. अंगठ्याच्या पेराएवढा.

हे ऐकलं की लोक हमखास दोन गोष्टी बोलतात. एक, "केवढा धीर आहे हो तुमच्यात!" आणि दुसरी, जरा दबक्या आवाजात, "बरा वेळ मिळतो तुम्हाला!"

दोन्ही खरं नाही. रिक्षावाल्याने दोन मिनिटं उशीर केला तरी मी चिडते. आणि वेळ म्हणाल, तर माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. ती माझ्याकडेच असते. दिवसात सलग एक तास माझा असा मिळत नाही. पाच मिनिटं मिळतात, सात मिळतात, कधी दहा. ती कधी मिळतील हेही माझ्या हातात नसतं.

म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे, की हा छंद भरपूर वेळ असलेल्यांचा आहे, ही समजूत चुकीची आहे. ज्यांचा वेळ त्यांच्या ताब्यात नाही, अशांना तो फार चांगला जमतो. आणि यासाठी लागणारा धीर अंगात असावा लागत नाही. तो कामातच असतो. कसा, ते सांगते.

आधी जहाजाची ओळख करून देते. त्याचं नाव 'त्रिंकोमाली'. ब्रिटिश नौदलाचं जहाज, पण जन्म मुंबईचा. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईच्या गोदीत आले. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी हे जहाज बांधलं. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचं लाकूड कमी पडत होतं, म्हणून सागवानी जहाजं मुंबईत बांधून घ्यायचं ठरलं. ऑर्डर निघाली १८१२ साली. आराखडे 'जावा' नावाच्या जहाजातून पाठवले. त्याच वर्षी डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पराभव केला आणि आराखडे गेले. मग पुन्हा पाठवले. बांधकाम सुरू झालं १८१६ च्या मे महिन्यात. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. दीड वर्षसुद्धा लागलं नाही. माझी सहा झाली.

हे जहाज आजही आहे. इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. ब्रिटनच्या अजून तरंगत असलेल्या युद्धनौकांमध्ये सर्वांत जुनं तेच. त्याच्या गन डेकची लांबी सुमारे ४६ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर ७२ सेंटिमीटर. पुढची तिरकी डोलकाठी धरली की टेबल संपतंच. आम्ही जेवतो स्वयंपाकघरात, खाली बसून.

आता धीराकडे येते. जहाजाचा सांगाडा म्हणजे मधला कणा आणि त्यावर आडव्या बसवलेल्या फासळ्या. त्यावर बाहेरून लांब, पातळ पट्ट्या चिकटवायच्या. खरं जहाज सागाचं आहे, पण प्रतिकृतीला साग शोभत नाही. सागाचे रेषे आणि छिद्रं मोठी असतात. ६४ पट लहान जहाजावर ती तशीच मोठी दिसतात. मी हळदू वापरते, आपल्याकडे त्याला हेदूही म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचं लाकूड. सुताराकडे फर्निचरच्या कामातून उरलेले तुकडे मिळतात.

एका बाजूला ३६ पट्ट्या. जहाजाच्या मध्यावर पोटाचा घेर एका बाजूला १८० मिलिमीटर भरतो, म्हणजे प्रत्येक पट्टी ५ मिलिमीटर रुंद. पण पुढच्या टोकाला तोच घेर १२० मिलिमीटर होतो. तिथेही पट्ट्या ३६च, म्हणून प्रत्येकीची रुंदी तिथे ३.३ मिलिमीटर हवी. म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करायची. प्रत्येकीचं माप घ्यायचं, खूण करायची, घासायची. मग अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायची. मग वाकवून, चिमटे लावून तशीच वाळू द्यायची. पूर्ण वाळल्याशिवाय चिकटवायची नाही, कारण ओलं लाकूड नंतर आकसतं आणि फटी पडतात. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक. एकाच बाजूला लावत गेलं तर सांगाडा पिळतो.

आता यातली प्रत्येक कृती किती वेळाची आहे बघा. माप घ्यायला तीन मिनिटं. घासायला आठ. पाण्यात टाकायला अर्धं मिनिट. चिमटे लावायला पाच. मधला सगळा वेळ लाकडाचा आणि गोंदाचा आहे, माझा नाही. पट्टी वाळत असते तेव्हा मी आईला अंघोळ घालते, भाजी टाकते, औषधाच्या दुकानात जाऊन येते. परत आले की पट्टी माझी वाट बघत नसते. ती नुसती वाळलेली असते.

म्हणून मी म्हणते, इथे धीर धरावा लागत नाही. ज्या कामात पुढची पायरी कायम दहा मिनिटांत संपणारी असते, त्यात माणूस आपोआप टिकतो. 'जहाज बांधायचं आहे' असं म्हणून कोणीही रोज उठणार नाही. 'एकोणिसावी पट्टी, उजवी बाजू' असं म्हणून उठता येतं.

पण एक अट आहे. हाक आली की हातातली गोष्ट जागच्या जागी खाली ठेवता आली पाहिजे. त्यासाठी मी काही नियम केले. कापायची पाती वापरून झाली की लगेच ड्रॉवरमध्ये, कुलपात. झटकन चिकटणारा गोंद आई जागी असताना काढायचा नाही. साधा पांढरा गोंद बरा, तो चूक सुधारायला वेळ देतो. आणि उठण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहायची, पुढे काय करायचं ती. ही ओळ फार कामाची आहे. दोन दिवसांनी परत बसलं, तरी आठवण्यात वेळ जात नाही.

हा छंद आधी कोणाचा होता, हे वाचताना मला एक ठिकाण सापडलं. इंग्लंडात पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस नावाची छावणी होती. १७९७ पासून तिथे फ्रान्सचे युद्धकैदी ठेवले जात. सुटका कधी होईल हे कोणालाच माहीत नसे. जेवणात आलेल्या मांसाची हाडं साफ करून त्यातल्या कित्येकांनी जहाजं बनवली. डोलकाठ्या, तोफा, दोर, सगळं. त्यातली काही आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत. या लोकांकडे वेळ भरपूर होता असं आपल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांचा वेळ दुसऱ्याच्या ताब्यात होता. त्यातला एक तुकडा त्यांनी रोज काढून घेतला.

आता आईबद्दल. हे सांगावं की नाही, याचा मी विचार केला होता.

सुरुवातीला आई टेबलाशी बसून पट्ट्या निवडायची. फिक्या एका बाजूला, गडद दुसऱ्या बाजूला. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. तिने निवडलेल्या पट्ट्या डेकवर आहेत. पुढे तांब्याचं काम आलं. जहाजाचा पाण्याखालचा भाग तांब्याच्या पत्र्यांनी मढवलेला असतो. खरा पत्रा ४ फूट बाय १४ इंच, माझा १९ बाय साडेपाच मिलिमीटर. एका बैठकीला वीस, यापेक्षा जास्त मी लावत नसे. तेव्हा आई पत्रे मोजून वीस-वीसच्या वाट्या करायची. नंतर मोजणी चुकायला लागली. मग मी तिला दोऱ्याचं काम दिलं. जहाजाचे दोर लावण्यापूर्वी दोरा मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घेतात, म्हणजे त्याचे तंतू बसतात आणि धूळ कमी धरते. आईने आयुष्यभर देवाच्या वाती वळल्या आहेत. कसं करायचं ते सांगावं लागलं नाही.

आता तेही होत नाही. ती दोऱ्याचं रीळ हातात धरून बसते. रोज, दिवसातून कितीदा तरी, विचारते, "ही बोट कुठे चाललीय गं?" मी सांगते, "मुंबईहून पोर्ट्समथला." तेही खरंच आहे, 'त्रिंकोमाली' १८१९ च्या एप्रिलमध्ये तिथे पोहोचलं. ती म्हणते, "लांब आहे." थोड्या वेळाने पुन्हा विचारते.

यातून तिचा आजार थांबला, असं मी अजिबात म्हणणार नाही. जहाज वाढत गेलं आणि आई कमी होत गेली. दोन्ही एकाच टेबलाशी झालं. पण तिच्यासोबत बसायचं तर हाताला काहीतरी हवं होतं. नुसतं बसून तिच्याकडे बघत राहिले असते, तर मला ते झेपलं नसतं. आणि तिलाही कोणी आपल्याकडे टक लावून बघितलेलं आवडत नाही. हातात पट्टी असली की आम्ही दोघी पट्टीकडे बघतो.

सध्या डोलकाठ्यांचं काम चालू आहे. डोलकाठी गोल असते, पण तिची सुरुवात चौकोनी काडीपासून करतात. चौकोनाच्या कडा घासून आठ बाजू करायच्या, मग सोळा, मग पॉलिश पेपरने गोल. एकदम गोल करायला गेलं तर काडी वाकडी होते. तीनपैकी एक डोलकाठी दोरांसह पूर्ण आहे. तिला बाजूने ताणून धरणारे उभे दोर असतात आणि खलाशांना चढायला त्यांवर आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या. दोन पायऱ्यांत पाच मिलिमीटर अंतर, आणि प्रत्येक उभ्या दोराशी एक गाठ. एका गाठीला साधारण एक मिनिट. हाक आली तर हातातली गाठ ओढून उठायचं.

व्हिडिओ कॉलवर नातेवाईक विचारतात, "झालं का जहाज?" त्यांना मी खऱ्या 'त्रिंकोमाली'ची पुढची गोष्ट सांगते. एवढ्या घाईने बांधलेलं, एवढा प्रवास करून गेलेलं हे जहाज इंग्लंडात पोहोचलं तेव्हा युद्ध संपलेलं होतं. त्याची गरजच नव्हती. ते राखीव म्हणून ठेवून दिलं. १८४५ साली त्याची नव्याने डागडुजी झाली आणि १८४७ मध्ये ते पहिल्यांदा नौदलाच्या कामगिरीवर निघालं. पाण्यात उतरल्यानंतर तीस वर्षांनी. पुढे १९८६ पर्यंत, दुसऱ्या नावाने, त्यावर मुलांना नौकानयन शिकवलं जाई.

त्याच वर्गातलं 'युनिकॉर्न' नावाचं जहाज स्कॉटलंडात डंडीला आहे. ते १८२४ साली पाण्यात उतरवलं आणि वर छप्पर घालून ठेवून दिलं. त्याला डोलकाठ्या कधी लागल्याच नाहीत. दोनशे वर्षं झाली, लोक अजून तिकीट काढून बघायला जातात. तेव्हा 'पूर्ण' म्हणजे काय, हे मला आता एवढं महत्त्वाचं वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणाला सुरुवात करायची असेल, तर तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेपासून करू नका. एका डोलकाठीची छोटी होडी घ्या, आणि प्रमाण मोठं ठेवा, म्हणजे तुकडे बोटांत धरता येतील. एक चांगली सुरी, स्टीलची पट्टी, पॉलिश पेपर, कपड्यांचे डझनभर चिमटे, पांढरा गोंद आणि वही, एवढ्यात वर्षभर काम चालतं. कच्छमध्ये मांडवीला रुक्मावतीच्या काठी आणि केरळात बेपोरला लाकडी जहाजं आजही बांधली जातात. जवळपास राहत असाल तर आधी तिथे जाऊन फासळ्यांवर फळी कशी बसते ते बघा. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा लवकर समजतं.

आणि घरात कोणी आजारी असेल, किंवा तान्हं मूल असेल, किंवा तुमची ड्यूटी कधी लागेल याचा भरवसा नसेल, तर 'नंतर वेळ मिळाला की बघू' असं म्हणू नका. काम आधी दहा मिनिटांच्या मापात कापून घ्या. जहाजच पाहिजे असं नाही. विणकाम असेल, बाग असेल, एखादी भाषा शिकणं असेल. उठण्यापूर्वी पुढची ओळ तेवढी लिहून ठेवा.

माझ्या वहीतली आजची ओळ आहे, 'मधली डोलकाठी, चौकोनाच्या आठ बाजू, वरचं टोक'.