पोलादपूरचा कातळ, वरळीचा बेडूक



महाडहून पोलादपूर गाठून आंबेनळी घाट चढू लागलात, की रस्त्याच्या कडेला काळा कातळ कापलेला दिसतो. महाडजवळची गांधारपाल्याची लेणी याच जातीच्या दगडात कोरलेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून शिलारस वाहिला, निवाला, त्यावर दुसरा आला. या थरांच्या एका गटाला भूशास्त्रज्ञांनी ‘पोलादपूर’ आणि त्यावरच्याला ‘आंबेनळी’ अशी नावेच दिली आहेत.

मग त्या काळी आपल्या मुलखात जीवजंतू नव्हते काय? जरा जपून उत्तर द्या हं! तापलेल्या रसात हाड टिकत नाही. दोन रसांच्या मधल्या विसाव्यात तळे साचले, गाळ बसला, तरच त्यात मासा, शंख जपला जातो. मुंबईत वरळीच्या टेकडीत असा गाळ होता. वाढत्या शहराला दगड हवा होता, आणि निघालेला दगड निरखणारे डॉक्टर-अधिकारी तिथेच राहत होते. तिथल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले. नागपुराकडे टाकळीचे शंख-शिंपले मिशनरी हिस्लॉप व हंटर यांनी १८५० च्या दशकात जगापुढे मांडले.

म्हणजे जीवाश्मांचा नकाशा हा थोडासा प्राण्यांचा, थोडासा खडकाचा, आणि बराचसा शोधणाऱ्यांच्या पायवाटांचा. खानेसुमारीवाल्याने हमरस्त्याचीच घरे मोजली, तर डोंगरातल्या वाड्या ओसाड ठरतील, तसेच हे. २०२१ साली काही संशोधकांनी दाखवले, की १९९० ते २०२० या काळातल्या जीवाश्म-नोंदींपैकी शेकडा ९७ नोंदी सधन व मध्यम-सधन देशांतल्या अभ्यासकांच्या आहेत. अशा वहीवरून ‘अमुक युगात इतक्या जाती होत्या’ असे छातीठोक सांगणे मला तरी घाईचे वाटते.

तज्ज्ञांनी यावर एक तोड काढली आहे. एका गावचे पायलीभर धान्य आले, दुसऱ्याचे मूठभर. तर पहिल्यातूनही मूठभरच घ्यावे आणि मग दाण्यांच्या जाती मोजाव्यात. तुलना पुष्कळ सुधारते. पण जिथून मूठच आली नाही, तिथे हे गणित काय करणार?

शिक्षकहो, विहीर खणताना पापुद्रे सुटणारा, शिंपल्यांचे ठसे असलेला दगड निघाला, तर फोडू नका. गाव, खोली, तारीख शाळेच्या वहीत टिपा. काहीच निघाले नाही, तर तेही टिपा: अमक्याची विहीर, वीस हात, नुसता कातळ.