सुजलेला पाय: शहरात कोणाला पाठवायचे?
(वार्षिक सभेतील भाषण)



मागच्या सभेत एका भाऊंनी विचारले, "आता चिरफाड न करता, सुईएवढ्या छिद्रातून शिरांचे उपचार होतात. मग किनवट-माहूरकडच्या आपल्या पाय सुजलेल्या आदिवासी भावंडांना तिकडे का पाठवत नाही? पैसे आम्ही देऊ." प्रश्न प्रेमाचा आहे. मी परिचारिका आहे. जे पाहते त्यावरून सांगते.

सगळे सुजलेले पाय एकसारखे नसतात. कोणाच्या पायावर निळ्या शिरा फुगलेल्या असतात, घोट्याजवळ न भरणारी जखम असते. डॉप्लर सोनोग्राफीत रक्त उलटे खाली येताना दिसते. तिथे पडद्यावर पाहत शिरेत बारीक तार घालून ती उष्णतेने बंद करतात. माणूस बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. या विद्येची सुरुवात १९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी केली. पाय कापायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका आजीबाईंची अरुंद झालेली धमनी त्यांनी नळी घालून मोकळी केली आणि पाय वाचला. अशा रुग्णांना नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात तपासणीला न्यायलाच हवे.

पण नांदेड आणि लातूर हे हत्तीरोगाचेही जिल्हे आहेत. डासांतून आलेला कृमी लसिकावाहिन्यांत राहतो आणि त्या कायमच्या बिघडवतो. या वाहिन्याही आता पाहता येतात: जांघेतल्या गाठीत सुई घालून तेलकट औषध सोडतात, ते क्ष-किरणात दिसते. हत्तीरोगात कोणाला दुधासारखी लघवी होते. गळती नेमकी कुठे आहे ते यातून कळते, कधी त्या तेलानेच ती थांबते. मात्र जुन्या हत्तीपायातल्या असंख्य बारीक वाहिन्या कुठलीच तार पुन्हा मोकळ्या करत नाही. हे स्पष्ट सांगितलेले बरे, नाहीतर घरची शेळी विकून माणूस शहरात जातो आणि तसाच परततो.

त्याला हवा टब, साबण, स्वच्छ पाणी. रोज पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिरांना मलम लावायचे, बसताना पाय वर ठेवायचा. थंडी वाजून ताप येणे, पाय लालबुंद होणे हे झटके त्याने खरोखर कमी होतात.

आणि गोळ्या. सरकारी मोहिमेत त्या घरी येतात, जेवणानंतर कार्यकर्तीसमोर गिळायच्या. गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुले आणि फार आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. बाकीचे लोकही पुष्कळदा पदराला बांधून ठेवतात, "मला कुठे रोग आहे?" म्हणतात. कृमी मेले की ताप, चक्कर येते, त्याचीही धास्ती. शिवाय जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून तपासणीचे पथक रात्री येते, तेव्हा दारे बंद होतात. ओळखीचे माणूस सोबत असले तर उघडतात. २०२७पर्यंत देशातून हा रोग घालवायचा आहे, आणि दिवस थोडे उरलेत.

म्हणून भाऊंना माझे उत्तर असे: निळ्या शिरा, जखम किंवा दुधाळ लघवी असलेल्यांसाठी गाडीभाडे द्या. बाकीच्यांसाठी टब, साबण, टॉवेल. आणि मोहिमेच्या आठवड्यात दोन दिवस आमच्यासोबत वस्तीवर चला.