चालते दिसते ते कसे?



गोदावरीला भरपूर पाणी असताना शहागडच्या पुलावरून आपण खाली एकटक पाहिले असेलच. जरा वेळाने पाणी थबकल्यासारखे वाटते आणि पूलच आपल्याला घेऊन पैठणकडे निघतो. मग काठाकडे नजर वळवावी, तर तोही क्षणभर सरकतो. नजरेत जे अधिक जागा व्यापते ते स्थिर, असे मन धरून चालते व गती उरलेल्याच्या पदरी टाकते. विरळ ढगांतून चंद्र धावताना दिसतो, तोही याच न्यायाने.

चंद्राच्या या भासाचा विचार बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथात केला आहे. गती कळते ती दुसऱ्या वस्तूशी तुलना करून, आणि त्यास थोडा का होईना वेळ लागतो, असे त्यांनी मांडले. दाखला साध्या भोवऱ्याचा: रंग अनेक, पण वेगाने फिरला की एकच दिसतो.

पालकहो, हा थोडा वेळ आपल्या दारातल्या धुळे-सोलापूर महामार्गावर फार महाग पडतो. समोरून सरळ येणारा मालट्रक डावीउजवीकडे सरकत नाही. त्याचा आकार तेवढा वाढतो. दूर असता ही वाढ इतकी मंद, की तो उभाच वाटतो. जवळ आला की एकाएकी फुगतो. ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे वाहन प्राथमिक शाळेतील मुलांना भरवशाने ओळखता येत नाही, असे लंडन विद्यापीठातील संशोधकांना २०११ साली आढळले. मूल धांदरट म्हणून आपण रागावतो. पुष्कळदा त्याला ती गती दिसलेलीच नसते. "नीट बघून जा" म्हटल्याने काय होणार? हात धरूनच रस्ता ओलांडून द्यावा.

मोठ्या मुलांसाठी रात्रीची एक गोष्ट. स्वीडनमधील गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली अंधारात माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे मोजके ठिपके लावले. माणूस उभा असता ते नुसते विखुरलेले ठिपके. चालू लागताच पाहणाऱ्यांनी माणूस ओळखला. म्हणून चमकपट्टी केवळ छातीवर असण्यापेक्षा घोट्यांवर, गुडघ्यांवर व मनगटांवर असली, तर वाहनचालकास पादचारी अधिक दुरून ओळखू येतो. शिकवणीहून अंधारात परतणाऱ्यांनी ती शिंप्याकडून पायजम्याच्या घोट्याला शिवून घ्यावी.