परीक्षकाचीही परीक्षा



ताप, उलट्या, ताठलेली मान व गुंगी ही लक्षणे मुलात दिसल्यास मेंदूच्या आवरणास जंतुजन्य दाह झाला असण्याचा संभव असतो. निदानासाठी कण्यातील पाणी प्रयोगशाळेत तपासतात. परंतु ‘जंतू आढळले नाहीत’ हा शेरा कितपत विश्वसनीय? यास्तव जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्यातील प्रयोगशाळांना उत्तर गुप्त ठेवलेले नमुने पाठवून त्यांचीच परीक्षा घेतात. आपल्या शाळातपासणीसारखेच म्हणा ना! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तेथे संदर्भ-प्रयोगशाळेचे काम केले आहे. तथापि प्रतिजैविक आधीच पोटात गेले, किंवा नमुना बर्फात ठेवल्याने नाजूक जंतू मेले, तर निष्णात प्रयोगशाळाही फसते. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देवरीहून मूल तिकडे धाडताना आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत द्यावी. चिठ्ठीसाठी गाडी मात्र थांबवू नये.