ॲडजस्ट कोणी करायचं?

(चाकण येथे कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलायला लागण्याआधी हे बेअरिंग एकमेकींच्या हातात फिरवा. हात काळे होतील, होऊ द्या. आपल्या संस्थेच्या जुन्या महिंद्र जीपच्या मागच्या ॲक्सलमधून ते काढलंय. रोलरवर बोट फिरवून बघा. खरखर लागते ना? ते असं का झालं हे आधी सांगते, पगाराचं नंतर.

घोडेगावच्या पुढच्या घाटात जीपचा ब्रेक नीट लागेना. आत आम्ही सात जणी. कशीबशी खाली आणली. मागचं चाक उचललं, तर ते हातानं आत-बाहेर हलत होतं. यालाच गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात. प्ले फार झाला की गाडी वळताना बेअरिंग ठोके खातं, ऑइल सील खराब होतं आणि तेल थेट ब्रेकच्या लायनरवर येतं. बरं, मग प्ले ठेवूच नये का? तेही नाही. अगदी घट्ट बसवलेलं बेअरिंग तापतं आणि जळतं. थोडी मोकळीक लागतेच, इंचाचे काही हजारावे भाग, म्हणजे केसाच्या जाडीएवढी.

आमच्या गॅरेजच्या मामांनी मला हे काम शिकवलं. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, खाली घोडी लावायची आणि पुढच्या चाकांना दगड. चाक काढायचं, स्प्लिट पिन आणि नट काढायचा, हब पुलरनं ओढायचा. मग ब्रेकच्या मागची प्लेट सोडवायची. तिच्या आणि ॲक्सलच्या नळीच्या मध्ये कागदासारख्या पातळ लोखंडी चकत्या असतात, त्या शिम. शिम काढली की प्ले कमी होतो, वाढवली की जास्त. पुढच्या चाकाचा प्ले नट आवळून किंवा सैल करून ठेवतात. ती सवय इथे नडते, कारण या जीपमध्ये मागच्या नटाचा प्लेशी काही संबंध नाही. शिवाय दोन्ही ॲक्सलच्या टोकांमध्ये एक ठोकळा असतो, त्यामुळे उजवीकडची शिम बदलली की डावीकडेही फरक पडतो. शिम दोन्हीकडे सारख्या वाटाव्या लागतात. बसवायचं, टोकावर पितळी हातोडीनं ठोकून बेअरिंग जागेवर बसू द्यायचं, डायल लावायचा, ॲक्सल ढकलायचा-ओढायचा आणि काटा बघायचा. जमलं नाही की पुन्हा उघडायचं. मी चार वेळा उघडलं.

आता माझ्या कारखान्याचं. याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी साडेतीन वर्षं ॲक्सलच्या लाइनवर काढली. माझं काम हवेच्या गननं बोल्ट आवळायचं. दिवसाला किती आवळले ते मोजणं सोडून दिलं होतं. पुढच्या टेबलावर डायल असे. तो एक मुलगा वाचायचा, शिम बदलायचा, आणि त्याच्या कार्डावर ‘कुशल’ लिहिलेलं असायचं. मी एकदा साहेबांना म्हटलं, मलाही डायल शिकवा. ते म्हणाले, “मॅडम, बायकांनी ॲडजस्टमेंट करायची नाही, कायदा आहे.”

मी कायदा मिळवून वाचला. तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात २२वं कलम होतं. चालू यंत्राचे भाग साफ करणं, त्यांना तेल देणं, ते ‘ॲडजस्ट’ करणं, जिथे हलत्या भागानं इजा होऊ शकते, तिथे स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांना मनाई. (बायका आणि पोरं एकाच ओळीत, हे ओळखीचं वाटतं ना?) पण मनाई चालू यंत्राची होती. माझ्यासमोरचा ॲक्सल तर टेबलावर निपचित पडलेला! मला हसू आलं. घरी सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळे सांगणार, “जरा ॲडजस्ट कर.” आणि ज्या एका ठिकाणी ॲडजस्ट केल्याचे पैसे मिळतात, तिथे म्हणे बायकांना मनाई.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला आणि त्या इंजिनिअर म्हणून तिथे लागल्या. गेल्या काही वर्षांत पिंपरीच्या त्याच कंपनीत हॅरिअर आणि सफारी गाड्यांची एक अख्खी लाइन स्त्रियांनी चालवली. आनंदच आहे. पण कुठल्याही कारखान्यात बायकांची लाइन दिसली की मी तीन गोष्टी विचारते: गेज कोणाच्या हातात असतो, बिघडलेला नग कोण उघडतं, आणि कायम किती जणी आहेत?

तुमच्यापैकी पुष्कळ जणी शिकाऊ आहेत. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. हे वाक्य आपल्याला नेहमी पगार मागताना ऐकवतात. आपणही ते उलट ऐकवावं असं मला वाटतं. कामगार नाही ना? मग शिकवा. डायल कधी शिकवणार, तारीख लिहून द्या. एकटीनं मागू नका, मी एकटीनं मागून बघितलंय. लाइनवरच्या सगळ्या जणींनी सही करून अर्ज द्या आणि पोच घ्या.

बरं, जीप बाहेर उभी आहे. उजवं चाक बसवलंय, डावं तुमच्यासाठी उघडं ठेवलंय. डायल एकच आहे, पाळीपाळीनं घ्या. आणि नट आवळताना भोक जुळलं नाही तर स्प्लिट पिनसाठी नट मागे फिरवू नका, थोडा पुढेच आवळा.