एकटीच्या दवाखान्याला दुसरा हात



चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली, की तुम्ही दुपारी जे काम करता त्याविषयी चार शब्द बोला. मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. भाषणाची सवय नाही. पण केलेले काम सांगता येईल, म्हणून उभी राहिले.

इथे चंद्रपुरात आमच्या गल्लीत एक ताई मनाच्या आजारांवर बोलून उपचार करतात. दोन खोल्या भाड्याच्या, आणि ताई एकट्या. आत एखादी बाई रडत असायची, तोच फोन वाजायचा. बाहेरून कोणी दार ठोकायचे. ऐकणाऱ्याचे लक्ष मोडले की बोलणारीचा शब्द ओठांवरच थांबतो. म्हणून त्यांनी मदतीला माणूस ठेवायचे ठरविले. गेली दोन वर्षे मी दुपारी दोन ते पाच जाते.

माझे काम बाहेरच्या खोलीतले. फोन घेणे, वेळ देणे, पैशांची पावती करणे, आलेल्याला पाणी देऊन बसविणे. वेळ देणे सोपे वाटते, पण त्यालाही अक्कल लागते. गडचिरोलीकडच्या माणसाला शेवटची एस.टी. गाठायची असते. मे महिन्यात तेंदूपत्ता आणि पावसाळ्यात रोवणी, या दिवसांत बाई मजुरी बुडवून येणार नाही. तिला पुढची तारीख आधीच द्यावी. नाही तर ती कायमची सुटते. कोणी माडिया किंवा गोंडी बोलणारी असली, तर भाषा जाणणारी बाहेरची बाई आधी ठरवून बोलवावी लागते. सासऱ्याला दुभाषी केले, तर सून मनातले काय सांगणार?

सल्ला देणे हे माझे काम नाही. “जगावेसे वाटत नाही,” असे कोणी फोनवर म्हणाले, तर मी उपदेश करीत नाही आणि फोनही ठेवत नाही. ताई कोणाशीही बोलत असोत, त्यांना बाहेर बोलावते. ही एकच गोष्ट अशी, की तिच्यासाठी आतले दार वाजवायची मला मुभा आहे. ताई गावाला गेल्या असतील, तर सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देते. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत.

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. पण कायदा पुस्तकात राहतो, आणि आपण राहतो गल्लीत! आमच्या घरात एका मुलासाठी स्थळ आले. जाऊबाईंनी विचारले, “ती मुलगी तुमच्याकडे येते का हो?” मी म्हटले, “येत असली तरी सांगणार नाही, नसली तरी सांगणार नाही.” जाऊबाई चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. सणाला एका चुलीपाशी बसून न बोलणे किती जड जाते, ते आपणास माहीत आहे. पुष्कळ जणी म्हणाल्या, “येत नाही एवढे तरी सांगायचे!” पण भगिनींनो, एकीबद्दल ‘नाही’ म्हटले, तर दुसरीबद्दल गप्प बसणे म्हणजे ‘होय’च झाले. म्हणून दोघींबद्दल तोंड बंद.

कोणी म्हणेल, सातवीच्या बाईला हे झेपते का? आपल्याच भागातले उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले. पुढे ३९ गावांत त्यांनी पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावच्याच बायका निवडून शिकविल्या. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून औषध व सुई देणे, हे त्या करू लागल्या. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. बायका कमी शिकलेल्या होत्या. पण त्यांना नीट शिकविले होते, कामाची हद्द आखून दिली होती, आणि वरून देखरेख होती. या तीन गोष्टी असल्या, तर सातवी कमी पडत नाही.

शेवटी पैशांचे. “तू घरच्यासारखीच,” असे म्हटले, की पगाराचे नाव निघत नाही. मी पहिल्याच दिवशी ताईंना म्हटले, कागदावर लिहू या. पहिला महिना दोघींनी पाहायचा, मग पगार किती, कोणत्या तारखेला, सुट्या किती, काय करायचे आणि काय नाही. ताईंनी आनंदाने लिहिले. त्या कागदामुळे आमच्यात आजवर कुरबूर नाही.

आपल्यापैकी कोणाला एखाद्या एकट्या डॉक्टरीणबाईने किंवा वकीलबाईने मदतीला बोलाविले, तर शिक्षण कमी म्हणून मागे सरू नका. काम विचारा, हद्द विचारा, पगार लिहून घ्या. आणि तिथले घरी आणू नका.