लंगडीपासून फुटबॉलपर्यंत

(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी ज्ञानी मंडळी बोलतात. मी रेल मिलमध्ये चौतीस वर्षे शिफ्ट ड्यूटी केलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी सेक्टरच्या मैदानावर पाच ते आठ वर्षांच्या मुलांना चेंडू लाथाडायला शिकवतो, एवढीच माझी विद्वत्ता. सचिवांनी "काका, फुटबॉलवर बोला" असा आग्रह धरला. फुटबॉल फार मोठा विषय आहे. मी फक्त चेंडूला पाय कसा लावायचा आणि ते लहान मुलांना कसे शिकवायचे, एवढेच सांगणार आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पहिल्या वर्षी माझ्याकडे बावीस मुले आली. चेंडू एक. तोही मोठ्यांचा, पाच नंबरचा. मी गळ्यात शिट्टी अडकवली, मुलांना रांगेत उभे केले आणि एकेकाला पुढे बोलावून किक मारायला लावली. चेंडू परत आणण्यासह एका किकला अर्धा मिनिट धरा. बावीस मुलांची एक फेरी अकरा मिनिटांची, म्हणजे तासाभरात एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच वेळा चेंडू. उरलेला वेळ पोरांनी काय करावे? पुढच्याच्या पाठीत बुक्का मारावा आणि माझी शिट्टी ऐकावी.

त्यात एक सहा वर्षांची मुलगी होती. पावसात भिजून जड झालेल्या त्या चेंडूला तिने अंगठ्याने जोरात किक मारली. नख काळेनिळे पडले. दुसऱ्या दिवशी आजीला म्हणाली, "मला बॉल आवडत नाही." ती परत आली नाही. दिवाळीपर्यंत बावीसची सात झाली. मी टीव्हीला दोष दिला, शाळेच्या अभ्यासाला दिला, आजकालच्या आईवडिलांनाही दिला. शेवटी आमच्या सौ. व्हरांड्यातून म्हणाल्या, "अहो, तुम्ही पोरांना खेळवता की त्यांची परेड घेता?" राग आला, पण रात्रभर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिले.

पाच नंबरच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. सहा वर्षांच्या पायाला तो धोंडाच. लहानांसाठी तीन नंबरचा चेंडू असतो, घेर साधारण ५८ ते ६० सेंटिमीटर, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा. जालंधर-मेरठकडचे साधे चेंडू आपल्याकडे सहज मिळतात आणि लहान चेंडू मोठ्यापेक्षा स्वस्तही पडतो. हवा थोडी कमीच भरावी, म्हणजे पायाला लागत नाही आणि चेंडू फार पळतही नाही. इतकी साधी गोष्ट मला कळायला एक वर्ष आणि एका मुलीचे नख लागले.

आता किकविषयी. आपण सगळे मारणाऱ्या पायाकडे बघतो. खरे काम दुसरा पाय करतो. तो चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर पडला पाहिजे आणि त्याचा अंगठा जिकडे चेंडू पाठवायचा तिकडे पाहिजे. तो मागे राहिला तर चेंडू हवेत जातो, फार पुढे गेला तर पायातच अडखळतो. किक मारताना क्षणभर सगळे शरीर त्या एका पायावर तोललेले असते. हे मला पुस्तकाने शिकवले नाही. मैदानाच्या कडेला चार मुली लंगडी खेळत होत्या, त्यांनी शिकवले. लंगडी घालणारे मूल एका पायावर उभे राहते, वळते, वाकून दुसऱ्याला शिवते, तोल जाऊ देत नाही. किकला आणखी काय लागते?

तेव्हापासून आमचा तास लंगडीने सुरू होतो, आणि उजवी-डावी दोन्ही लंगडी घालायची. आपल्या दिव्याच्या अवसेला इथे छत्तीसगडमध्ये हरेली असते. त्या दिवसांत गावाकडून आलेली मुले गेडीवर चालतात. बांबूवर चढून चिखलातून चालणाऱ्या त्या पोरांचा तोल बघा. आमच्या मराठी मुलांना मी मुद्दाम त्यांच्याबरोबर खेळायला लावतो.

दुसरा खेळ लगोरी. इथली मुले त्याला पिट्ठुल म्हणतात. ठिकऱ्यांऐवजी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या रचायच्या आणि हाताऐवजी पायाने चेंडू मारून पाडायच्या. मी एवढेच सांगतो की बाटली जवळ असेल तर पायाच्या आतल्या बाजूने, जिथे टाचेच्या वर हाड लागते त्याच्या पुढच्या सपाट भागाने ढकला. घोटा ढिला ठेवला तर चेंडू भलतीकडे जातो, हे तिसऱ्या चुकीनंतर मूल आपणच ओळखते. मग "पाय लोखंडाचा करा" म्हटले की पुरते. भिलाईच्या पोरांना लोखंड समजावून सांगावे लागत नाही!

तिसरा खेळ सगळ्यांच्या आवडीचा, "अंगण झाडा". मधे चुन्याची रेघ, दोन्हीकडे सारखी मुले आणि दोन्हीकडे सात-आठ चेंडू. चेंडू कमी पडले तर जुन्या कापडाचे घट्ट बांधलेले गोळेही चालतात. आपल्या अंगणातला कचरा पायाने शेजारच्या अंगणात ढकलायचा. शिट्टी झाली की ज्याच्याकडे कचरा कमी तो जिंकला. दोन मिनिटांत एकेक मूल दहा-पंधरा किक मारते, आणि कुणी मोजत नाही. लांब मारायचा असेल तर बुटाच्या नाडीच्या जागेने मारावा लागतो, हे मी इथेच दाखवतो. टाचेने मारलेली किक उलटी जाते आणि हशा पिकतो, तोही उपयोगाचाच.

अंगठ्याने मारू नका असे मी आता ओरडत नाही. त्याऐवजी चपलांची दोन दारे करतो, एक रुंद आणि एक अरुंद. अंगठ्याने मारलेला चेंडू अरुंद दारातून क्वचितच जातो. मूल स्वतःच पाय वळवते. आणि डोक्याने चेंडू मारणे आमच्याकडे बंद. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते मना केले. स्कॉटलंडमध्ये २०२० मध्ये बारा वर्षांखालील मुलांच्या सरावातून ते काढले. आपण तरी कशाला वाट बघायची?

मराठी माणसाचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असे कुणी विचारले की मी कोल्हापूरचे नाव घेतो. तिथे पेठापेठांचे संघ, आणि नावे पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल जोपासला. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्याला जवळचे म्हणजे नागपूर. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली मुले एक फुटकी बादली लाथाडताना दिसली. त्यातून स्लम सॉकर उभे राहिले, २०१६ मध्ये त्या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि पुढे २०२२ मध्ये 'झुंड' चित्रपट आला. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. मला त्यातली बादली महत्त्वाची वाटते. त्या मुलांना कुणी रांगेत उभे केले नव्हते.

आता मुद्द्याचे बोलतो, थोडे कडू लागले तर वडीलधारा म्हणून सांभाळून घ्या. यंदा उत्सवात आठ वर्षांखालील मुलांसाठी बाद पद्धतीची स्पर्धा आणि मोठा करंडक ठेवावा, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. हेतू चांगला आहे. पण बाद पद्धतीत आठ संघ असले तर पहिल्याच फेरीत निम्मी मुले घरी जातात. जी कच्ची आहेत, ज्यांना जास्त खेळायला हवे, तीच आधी बाहेर. जिंकायचे म्हणून संघातला कच्चा मुलगा काठावर बसवला जातो, आणि रेषेबाहेरून बाबा ओरडतात ते वेगळेच. मी स्वतः बाबा होतो तेव्हा ओरडलो आहे. माझी विनंती अशी की करंडकाचे पैसे तीन नंबरच्या वीस चेंडूंवर खर्च करावेत, आणि स्पर्धेऐवजी एक दिवस सगळ्या मुलांनी चार-चारचे गट करून, सगळ्यांशी खेळावे. प्रत्येकाला मोदक. गुणफलक नको.

दुसरी विनंती मंडपाविषयी. मंडप निघाल्यावर बांबूंचे खड्डे महिना महिना उघडे राहतात आणि गवतात खिळे सापडतात. गेल्या वर्षी अशा खड्ड्यात एका मुलाचा घोटा मुरगळला. यात मंडपवाल्यापेक्षा आपला दोष जास्त. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी फावडे घेऊन मैदानावर असेन. नाइट शिफ्टहून परतणाऱ्यांना सूट, बाकीच्यांनी यावे. एका घमेल्याला दोघे लागतात, आणि मुरूम टाकून धुमसायला जड माणसे हवीत, त्यांची आपल्या मंडळात वाण नाही.

ती नखवाली मुलगी आता बारावीत आहे. स्कूटीवरून जाताना "नमस्ते काका" म्हणते. तिचा धाकटा भाऊ मात्र येत्या सोमवारपासून येणार आहे, त्याच्या आईने काल आरतीनंतर सांगितले. वेळ साडेपाचची. बूट नसले तरी चालेल, कॅनव्हासचे जुने जोडे पुरेत. पाण्याची बाटली आणावी, आणि रिकामी झाली की ती मला द्यावी. लगोरीला कमी पडतात.